पेजेची निवळ आजोबांना, शितं बाळाला

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका आईने विचारलं आहे: "मुलगी आठ महिन्यांची झाली. सहाव्या महिन्यात 7 किलो होती, आज 7 किलो 100 ग्रॅम. अंगावर पिते. सासूबाई दिवसातून चार वेळा काही ना काही भरवतात, कधी पेजेची निवळ, कधी गाळलेलं नाचणीचं सत्त्व, कधी डाळीचं पाणी. तरी वजन हलत नाही. दात आल्याशिवाय मासे द्यायचे नाहीत असं घरात ठरलंय. माझी वाढवून घेतलेली रजा पुढच्या महिन्यात संपते. डब्यातलं दूध सुरू करू का? आणि दोन वर्षांची होईपर्यंत काय, कधी, किती द्यायचं?"

डब्यातलं दूध नको. तुम्हाला दूध येतंय, मुलगी पितेय, तिला दूध कमी पडत नाही. तिला जेवण कमी पडतंय, आणि तेही चार वेळा जेवून. फोंड्यात पंचवीस वर्षं लहान मुलं तपासते आहे मी. आठव्या-नवव्या महिन्यात अडकलेल्या वजनाचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण म्हणजे वाटीतलं पाणी.

लहान बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिलिलिटर मावतं. तुमची मुलगी 7 किलोची, म्हणजे 210 मिलिलिटर, एक वाटी झाली की पोट भरलं. या वयात आईच्या दुधाखेरीज दिवसाला सुमारे 200 उष्मांक जेवणातून मिळायला हवेत, नवव्या महिन्यापासून 300, वर्षानंतर 550. आता वाटीभर निवळीत काय असतं? जेमतेम चमचाभर तांदळाचा ऐवज. बाकी गरम पाणी. मूल निवळ पितं, पोट तट्ट होतं, तोंड फिरवतं, आणि आपण म्हणतो "पोटभर जेवली". वर पोट भरल्यामुळे अंगावरही कमी पिते, तो तोटा वेगळाच.

सासूबाईंना दोष देऊ नका. आजारी माणसाला निवळ द्यायची, तशी नाजूक पोटाला निवळ, असा तो हिशेब आहे, आणि तो मायेतूनच आलाय. पण बाळ आजारी नाही, भराभर वाढतंय. आमच्या उकड्या तांदळाची पेज उत्तमच. धान कोंड्यासकट उकडलं की कोंड्यातलं थायमिन आत दाण्यात उतरतं, म्हणून साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा उकडा सरस. फक्त वाटणी उलटी करा, निवळ आजोबांना आणि शितं बाळाला. शितं जास्त शिजवून हाताने किंवा पळीने कुस्करा, त्यात तेवढ्यापुरतीच निवळ घाला.

किती घट्ट? चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. पटकन ओघळलं तर पातळ. गोळा चमच्याला धरून राहिला आणि हळूच सरकला तर बरोबर. क्लिनिकमध्ये माझ्या टेबलावर एक स्टीलचा चमचा असतो. औषधापेक्षा त्याचाच उपयोग जास्त झालाय.

डाळीचं तेच. वरच्या पाण्यात हळदीचा रंग असतो, डाळ खाली बसलेली असते. बाळाला खालची द्या, घोटून. खिमट करायचं तर तीन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ, हलकं भाजून, भरड दळून. तयार झाल्यावर वाटीत एक लहान चमचा खोबरेल तेल किंवा तूप. पाच मिलिलिटर तेलाने सुमारे 45 उष्मांक वाढतात आणि वाटीचा आकार तेवढाच राहतो. लहान पोटासाठी यापेक्षा सोपी युक्ती मला ठाऊक नाही. नारळाचा पहिला दाट रोस घातला तरी चालेल, आपल्या परसात नारळ असताना बाळासाठी बदामाची पूड शोधत फिरू नये.

नाचणीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे कष्ट सगळ्यात जास्त होतात आणि वायाही सगळ्यात जास्त जातात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, एवढं दुसऱ्या कुठल्या रोजच्या धान्यात नाही. पण ते बरंचसं दाण्याच्या सालीत असतं. आपण नाचणी भिजवतो, वाटतो, फडक्यातून पिळून पांढरं दूध काढतो आणि चोथा गाईला घालतो. गाय धष्टपुष्ट होते. बाळाच्या वाट्याला येतो मुख्यतः स्टार्च. त्याऐवजी नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद आचेवर भाजा आणि अख्खी दळून बारीक चाळणीने चाळा. मोड आल्यावर त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. या पिठाचं तिझन, म्हणजे नाचणीची खीर, करा, पण वर्ष होईपर्यंत गूळ नको. एक पिकलेलं रसबाळी केळं कुस्करून घाला, गोडी तेवढी पुरते. मीठही वर्षभर नको. "अळणी कसं खाईल?" असं प्रत्येक आजी विचारते. अळणी आपल्याला लागतं, तिला अजून खारट म्हणजे काय तेच माहीत नाही.

आता मासे. दाताचा आणि माशाचा काही संबंध नाही. हिरड्यांनी मूल मऊ मासा छान चिरडतं. सहा महिने पूर्ण झाले की मासे, अंडं, कोंबडी सगळं सुरू करता येतं. शेंगदाणा, अंडं, मासे उशिरा दिले की ॲलर्जी टळते असं आम्हालाही शिकवलं होतं. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या लीप नावाच्या अभ्यासाने ते उलटं ठरवलं. धोका जास्त असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा द्यायला सुरुवात केली तर त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी झाली. (शेंगदाणा म्हणजे अगदी गुळगुळीत वाटलेला, पेजेत कालवलेला, दाणा नव्हे.) नवीन पदार्थ सकाळी, एकटा, थोडा द्या आणि दोन-तीन दिवस बघा. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, पाठोपाठ उलट्या झाल्या तर थांबा आणि दाखवा. श्वास घरघरला तर थेट इस्पितळ गाठा. बाळाला आधीपासून खूप इसब असेल तर शेंगदाणा आणि अंडं सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

पहिला मासा कुठला, याचं उत्तर तुमच्या सासूबाईंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. बाळंतिणीला जी देतात ती मुडदुशी. मऊ, हलकी, काटे कमी. चिमूटभर हळद आणि नारळाच्या रोसात उकडा, मिरची नाही, सोलं नाही. मग मांस दोन बोटांत चुरून काटा आहे का ते बोटांनी बघा. डोळ्यांवर विसंबू नका. लेपी, शेवटे हेही चालतात. बांगडा आणि तारली मेंदूच्या वाढीला लागणाऱ्या ओमेगा-3 स्निग्धांनी भरलेली आणि स्वस्त, पण तारलीचे बारीक काटे काढायला वेळ असेल तेव्हाच घ्या. मोरी (शार्क) मात्र लहान मुलांना देऊ नका, बाळंतिणीच्या ताटात कितीही मान असला तरी. मोठे शिकारी मासे छोट्यांना खातात आणि त्यांच्या अंगात पारा साठत जातो. मोठी विसवण (सुरमई) कधीतरी चालेल, रोज नको. तिसऱ्या-खुबे या शिंपल्या चिवट असतात आणि पाण्यातली घाण गाळून खातात, ते मूल दोन-तीन वर्षांचं झाल्यावर. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना बंदी असते, मग घरोघरी सुकं निघतं. ते फार खारट असतं, बाळाच्या वाटीत नको. त्या दोन महिन्यांत अंडं आहे, नदीचा मासा आहे. 2018 च्या जुलैत मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरतात असा विषय पेटला तेव्हा माझ्याकडच्या कितीतरी घरांनी मुलांचे मासे बंद केले आणि बदल्यात बिस्किटं सुरू केली. त्यापेक्षा रापणीचा (किनाऱ्यावर ओढलेल्या जाळ्यातला), ओळखीच्या बाईकडचा लहान मासा आठवड्यातून दोनदा घ्यावा.

जी घरं मासे-अंडी खात नाहीत, त्यांनी कडधान्यावर भर द्यावा. अळसांदे (चवळी) आणि मूग भिजवून मोड आणून, मऊ शिजवून, साल कुस्करून. तांबडी भाजी बारीक चिरून त्यातच. वर लिंबाचे चार थेंब, कारण भाजी-कडधान्यातलं लोह आंबट फळाच्या सोबतीने जास्त शोषलं जातं. आणि चहा? चहा लोह अडवतो. चहात बुडवलेला पाव हा आपल्याकडे दहाव्या महिन्यापासून मुलांचा नाश्ता असतो, मी रोज ऐकते. तो बंद करा.

लोहाबद्दल हे एवढं का, तर पोटात असताना बाळाने जमवलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 67 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. म्हणून सरकारी कार्यक्रमात सहाव्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर लोहाचं सिरप आहे. आरोग्य केंद्रात मागा, आणि देत नसाल तर उद्यापासून द्या. शी काळपट होते, घाबरू नका. पहिलं वर्षभर ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज 400 युनिट. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीसोबत अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस मिळतो, तो चुकवू नका.

मिक्सर बाजूला ठेवा. इथे माझी स्वतःची चूक सांगते. माझ्या मुलाला अकराव्या महिन्यापर्यंत मी सगळं मिक्सरमधून फिरवून दिलं, डॉक्टर असून. घाई असायची, आणि गुळगुळीत भराभर गिळायचा. मग एक शीत तोंडात आलं की उलटी. भात खायला शिकवण्यात पुढचे सहा महिने गेले. चावण्याची सवय लागण्याचा काळ साधारण सातव्या ते दहाव्या महिन्यात असतो. सहाव्यात मऊ घोटलेलं, आठव्यात काट्याने कुस्करलेलं, नवव्या-दहाव्यात गुठळ्या असलेलं आणि हातात धरायला उकडलेल्या गाजराची, रताळ्याची मऊ फोड, वर्षाला घरातलंच जेवण, तिखट घालण्याआधी बाजूला काढलेलं. तुमच्या मुलीला आजपासून कुस्करलेलं. पहिले काही दिवस ती ओकल्यासारखं करेल, तोंड वेडंवाकडं करेल, आवाज करेल. ते ठीक आहे, ती शिकतेय.

ठसका आणि घास अडकणं यांत फरक असतो. खोकते, आवाज येतो, चेहरा लाल होतो, तोवर तिला खोकू द्या. आवाज बंद, श्वास नाही, ओठ निळे, तर घास अडकलाय. वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली असं घ्या, खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने 5 थापा. उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर 5 दाब. निघेपर्यंत हेच, आणि दुसऱ्याने तोवर 108 ला फोन. दिसत नसताना घशात बोट घालू नका, वस्तू आत जाते. बाळ निपचित पडलं तर लगेच सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास, सुरू करा. वर्षापुढच्या मुलाला पाठीवर थापा आणि मग पोटावर, बेंबीच्या वर, आत-वर दाब.

आणि ही वेळ बहुतेकदा जेवताना येत नाही, जत्रेत येते. चणे, शेंगदाणे, खाजे, अख्खी द्राक्षं, काजू, आंबाड्याची कोय, जांभळाची बी. माझ्याकडे दीड वर्षाचा एक मुलगा तीन आठवडे खोकतो म्हणून आणला होता. औषधं झाली होती, वाफ झाली होती. छातीच्या एका बाजूला हवाच जात नव्हती. खोदून विचारल्यावर आजी म्हणाली, जत्रेहून येताना चणे खात होता, ठसका लागला होता खरा. दुर्बिणीने चणा काढावा लागला. पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे नकोत, द्राक्षाचे उभे चार तुकडे करा, आणि धावत, हसत, झोपून, गाडीत काही खायचं नाही.

मध वर्षाखाली अजिबात नको, उष्टावणाला सोन्याच्या अंगठीने बोटभर चाटवायचाही नको. त्यात क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. उष्टावण जरूर करा, देवळातल्या पायसाचं एक बोट लावा, फोटो काढा. एप्रिल-मेमध्ये काजूच्या बोंडांचा ताजा रस, नीरो, कुणी प्रेमाने पाजायला आला तर हात जोडा. तो न उकळलेला असतो आणि तासाभरात आंबायला लागतो. मानकुराद आंबा मात्र खुशाल द्या, धुऊन, देठाकडचा चीक काढून.

कामावर जाण्याचं. सकाळी निघण्याआधी अंगावर, आल्यावर लगेच अंगावर, रात्रभर हवं तेव्हा. मधल्या वेळेसाठी दूध काढून ठेवलं तर घरात साधारण 4 तास टिकतं, फ्रिजमध्ये 24 तास. आपल्याकडे पावसात वीज जाते, म्हणून डब्यावर वेळ लिहा. उकळवायचं नाही, कोमट पाण्याच्या वाटीत डबा ठेवायचा. बाटली नको, वाटी-चमचा. चोखणीच्या भेगा नीट धुतल्या जात नाहीत आणि आपल्या दमट हवेत जुलाब तिथूनच सुरू होतात. बनवलेलं अन्न दोन तासांत संपवा किंवा फ्रिजमध्ये; सकाळची पेज दुपारी परत नको, आणि उष्ट्या वाटीतलं उरलेलं अजिबात नको. भरवणाऱ्याचे हात साबणाने, बाळाचेही.

आता मोजमाप. आठव्या महिन्यात दिवसाला तीन वेळा अर्धी वाटी घट्ट. नऊ ते अकरा महिने तीन-चार वेळा, अर्धी ते पाऊण वाटी. वर्षानंतर तीन-चार जेवणं, पाऊण ते एक वाटी, आणि मध्ये एक-दोनदा फळ, अंडं, घावन असं काही. आईचं दूध दोन वर्षं आणि पुढेही. गाईचं दूध पिण्यासाठी वर्षानंतर, दिवसाला 400-500 मिलिलिटरच्या वर नाही; त्यापुढे भूकही मारतं आणि रक्तही कमी करतं. बिस्किटं, ज्यूस, साखर दोन वर्षांपर्यंत नको. डब्यातल्या पिठांवर काय लिहिलंय ते वाचा, साखर पहिल्या तीन-चार घटकांत असते. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायला आपल्याकडे 2003 मध्ये सुधारलेल्या कायद्याने बंदी आहे, तरी शेजारीण ती करतेच.

पहिला वाढदिवस झाला की अचानक खाणं कमी होईल. घाबरून तुम्ही परत माझ्यासारख्या कुणाकडे टॉनिक मागायला जाल. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या तिप्पट होतं, दुसऱ्यात दोन-अडीच किलोच वाढतं, मग भूक तेवढीच लागणार. ताटात काय वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते ती ठरवेल. मोबाइल दाखवून घास कोंबू नका. तोंड उघडतं ते चित्राला, पोटाला पत्ताच नसतो. न आवडलेली भाजी दहा-पंधरा वेळा, दर वेळी चमचाभर, न रागावता समोर ठेवा. सगळ्यांसोबत जमिनीवर बसवा, वेगळी थाळी द्या, सांडू द्या.

आजपासून पंधरा दिवस हे करा आणि तिला त्याच अंगणवाडीत, त्याच काट्यावर, कपडे आणि डायपर काढून तोला. या वयात महिन्याला 250 ते 300 ग्रॅम वाढ अपेक्षित असते, म्हणजे पंधरा दिवसांत सव्वाशे-दीडशे ग्रॅम तरी काटा हलला पाहिजे. वाढीच्या कार्डावर ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून समाधान मानू नका, रेघ वर जातेय का ते बघा. नाही हलली, किंवा मधेच ताप, जुलाब, दूध पिताना धाप असं काही दिसलं, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञाकडे न्या. लघवी आणि हिमोग्लोबिन तपासावं लागेल, हृदयावर स्टेथोस्कोप ठेवावा लागेल. जाताना सासूबाईंनाही घेऊन जा, आणि एका डब्यात त्या दिवशीची पेज.